खाडी आडवी आली

महाराष्ट्राचा समुद्रकिनारा 720 किलोमीटर, असं आपण शाळेत घोकलं. केंद्र सरकारने अलीकडे देशाचा किनारा नव्याने मोजला, तेव्हा आपल्या वाट्याला 877 किलोमीटर आले. जमीन वाढली नाही, समुद्र सरकला नाही, मोजणी तेवढी बारीक झाली. प्रत्येक वळण, प्रत्येक खाडी हिशेबात धरली गेली. एकही निविदा न काढता राज्याला दीडशेवर किलोमीटर मिळाले! एवढी स्वस्त आणि वेळेत पूर्ण झालेली पायाभूत सुविधा कोकणाच्या नशिबी दुसरी आलेली नाही. किनाऱ्याकिनाऱ्याने गाडी न्यायची ठरवली, की हे वाढीव किलोमीटर नेमके कुठे दडले होते ते कळतं.

हल्ली किनाऱ्याकिनाऱ्याने जाणं हीच फॅशन आहे. मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाण्यात काही प्रतिष्ठा राहिलेली नाही. त्याच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात घातला. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आता स्वतः गाडी चालवत त्याच खड्ड्यांतून आजोळी जातात. दर पावसाळ्यात ‘गणपतीच्या आधी’ हा मुहूर्त निघतो. कुठल्या गणपतीच्या, ते विचारायचं नसतं. त्यामुळे रात्रीची जेवणं झाल्यावर, बडीशेप चघळता चघळता, कोणीतरी म्हणतंच, “हायवे नको रे बाबा. समुद्राच्या कडेकडेने जाऊ. वेळ लागला तर लागला.”

आमच्याकडे हे वाक्य धाकट्या मेहुण्यांनी टाकलं. त्यांनी नुकतीच छत उघडणारी गाडी घेतली आहे. डोंबिवलीत छत उघडलं तर आत काय येतं हे डोंबिवलीकरांना सांगायला नको. तेव्हा त्या छताला एकदा समुद्राचा वारा दाखवणं हे घरातल्या सगळ्यांचंच कर्तव्य होऊन बसलं. मुक्काम गुहागरला, असं ठरलं. तिथे घरांच्या मागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्या संपल्या की थेट समुद्र. व्याडेश्वराचं दर्शन घ्या, जेवा, सुरूच्या बनात आडवे व्हा. इथवर सगळ्यांचं एकमत होतं. मग व्हॉट्सअॅपवर गट तयार झाला आणि एकमत संपलं.

“कोस्टल रोडनेच जायचं ना? तो तर चकाचक झालाय,” पुण्याच्या वहिनी. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतचा तो रस्ता गुहागरच्या दिशेला पाठ करून जातो, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. मुंबईच्या बाबतीत पुण्याला एवढी मोकळीक द्यावी लागते.

खरं तर आम्ही जो रस्ता धरणार होतो, त्याला सरकारदरबारी भारदस्त नाव आहे: रेवस-रेडी सागरी महामार्ग. अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या वेशीवरच्या रेडीपर्यंत, साधारण पाचशे किलोमीटर. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना ही कल्पना निघाली. अंतुले 1982च्या जानेवारीत पायउतार झाले. महामार्ग अजून कल्पनेवरून पायउतार व्हायला तयार नाही. मधल्या काळात तो कितीतरी वेळा नव्याने जाहीर झाला. रस्त्याचे तुकडे झाले, काही पूलही झाले. रेवदंडा-साळावचा पूल ओलांडताना कुंडलिका नदी दिसते की नाही इतका पटकन संपतो. पण मोठ्या खाड्या बसल्या आहेत तशाच बसल्या आहेत. बाणकोटच्या खाडीवरच्या पुलाचं काम सुरू होऊन रखडलं. नकाशावर मात्र महामार्ग सलग. आपल्याकडे नकाशा काढणारा आणि रस्ता बांधणारा यांची एकदा गाठ घालून द्यायला हवी. दोघांचं जमेल, दोघेही स्वभावाने आशावादी.

मेहुण्यांनी एक्सेलचा तक्ता केला. मांडवा, अलिबाग, काशीद, मुरूड, आगरदांडा, फेरीबोट, दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडला, पुन्हा फेरीबोट, वेश्वी, केळशी, आंजर्ले, हर्णे, दाभोळ, तिसरी फेरीबोट, धोपावे, गुहागर. प्रत्येक ठिकाणापुढे मिनिटं. ‘सूर्यास्त: 15 मिनिटं’ असा एक रकाना होता आणि त्याच्याशेजारी ‘(चहासह)’. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला वीस मिनिटं, त्यात पायऱ्या धरलेल्या. जंजिरा किल्ल्यापुढे लिहिलं होतं ‘गाडीतूनच’. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांनी जंग जंग पछाडूनही हाती आला नाही. मेहुण्यांनी तो काच खाली करून निकालात काढला.

आत्यांनी तक्ता वाचला नाही. त्यांनी थेट मुरूडला खोल्या ठरवून टाकल्या आणि आगाऊ पैसेही भरले. “काशीद बघायचं, अर्ध्या तासात मुरूड गाठायचं, जेवायचं,” असा त्यांचा सुटसुटीत बेत. खोल्यावाल्याने पाठवलेला पत्ता दादांनी वाचला, तो दापोली तालुक्यातला निघाला. कोकणात दोन मुरुडं आहेत: एक जंजिऱ्याजवळचं, रायगड जिल्ह्यातलं, दुसरं हर्णेशेजारचं, महर्षी कर्व्यांचं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. दोघांना समुद्र, दोघांना माड, दोघांकडे घरगुती जेवण. फोनवर विचारलं तर दोन्हीकडचे लोक “हो, हेच मुरूड” म्हणतात आणि दोन्हीकडचे खरं बोलत असतात. एका मुरुडातून दुसऱ्या मुरुडात रात्रीच्या जेवणाला पोचायचं, तर मध्ये राजपुरीची खाडी आणि सावित्रीची खाडी. आत्या म्हणाल्या, “मग जेवण थोडं उशिरा घेऊ.”

त्यातून संकष्टी निघाली. हर्ण्याच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव बघायचा, तिथूनच सुरमई घ्यायची आणि खोल्यावाल्यांकडे करवून घ्यायची, हा सगळ्या सहलीचा खरा गाभा. समुद्र वगैरे निमित्त. आणि तीच तारीख संकष्टीची! “मी काही कोणाला अडवत नाही हो,” आत्या म्हणाल्या, “तुम्ही खा. मी आपली साबुदाण्यावर बसेन एका बाजूला.” ज्या घरात अशी परवानगी मिळते, तिथे मासे कोणी खात नाही. मतदान घेण्यात आलं. लिलाव बघायचा, पण घ्यायचं काही नाही, असा तोडगा बहुमताने संमत झाला. हर्ण्याच्या कोळणीपुढे पाच जण हात मागे बांधून नुसते उभे राहणार, ह्याचे परिणाम काय होतील याची चर्चा मात्र झाली नाही.

गुहागरच्या मुक्कामाचा फोन दादांनी केला. शहरातल्या माणसाने कोकणातल्या माणसाला फोन करणं हा ऐकण्यासारखा प्रकार असतो, म्हणून आम्ही स्पीकर लावायला लावला.

“काका, सी-व्ह्यू रूम आहे का?”

“वाडीतून सरळ चालत गेलात की समुद्रच आहे. खोलीतून कशाला बघायचा? खोलीत झोपायला येताय ना?”

“पार्किंग?”

“आहे की. माडाखाली तेवढी लावू नका.”

“सूर्यास्त बघायचा तर साधारण किती वाजता पोचावं?”

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. “मावळायच्या आधी,” काका म्हणाले. “आणि माणसं किती ते आज सांगा. मोदक आयत्या वेळी होत नाहीत.”

दादांनी माणसं सांगितली, मग गटावर विचारलं, मग पुन्हा फोन करून वेगळी सांगितली. काकांनी दोन्ही वेळा “बरं” म्हटलं. त्या ‘बरं’मध्ये काय काय होतं ते तक्त्यात बसणारं नव्हतं.

आता खरा वाद: फेरीबोट. फोनवर रस्त्याची निळी रेघ छान चालत येते आणि खाडीच्या काठाशी आली की ठिपक्याठिपक्यांनी पाण्यात उतरते. पुणेकर ते ठिपके बघून बिथरले. “बोट बंद असली तर?” बंद असली तर वळसा. दाभोळहून धोपावे पाण्यावरून दहा-पंधरा मिनिटं. रस्त्याने दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरात उतरायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर. वाशिष्ठीच्या ह्या खाडीने भल्याभल्यांना चकवलं आहे. एन्रॉनचा तो गाजलेला दाभोळ वीज प्रकल्प, ज्याच्यावरून सरकारं हलली, तो दाभोळात नाहीच. तो पलीकडे, गुहागर तालुक्यात, अंजनवेलला. एवढी मोठी अमेरिकन कंपनी, तिचंही नाव अलीकडे राहिलं आणि चिमण्या पलीकडे उभ्या राहिल्या. बिचाऱ्या आत्यांनी एक मुरूड चुकवलं तर काय बिघडलं?

मेहुण्यांच्या तक्त्यात फेरीबोटींपुढे लाल रंगाने ‘वाया जाणारा वेळ’ असं लिहिलं होतं, तिन्ही मिळून अडीच तास. मला त्या तक्त्यातली तीच एक ओळ कामाची वाटली. बाकी सगळ्या रकान्यांत माणसं गाडीत बसलेली होती. काशीदचा किनारा काचेतून, दिवेआगर काचेतून, वळणं आली की कोणीतरी डोळे मिटून लिंबू हुंगतंय, मागे पोरांच्या हातात फोन. ‘समुद्राच्या कडेने’ म्हणतात त्या प्रवासात समुद्र मधूनमधून दिसतो आणि बहुतेक वेळा नेमका ड्रायव्हरच्या बाजूला, ज्याने बघायचं नसतं त्याच्या. धक्क्यावर मात्र इलाज नसतो. बोट पलीकडे गेलेली असते, इंजिन बंद करावंच लागतं, मग सगळे उतरतात. कोणी कोकम सरबत घेतं, कोणी चपलांनी शेवाळ खरवडतं. पोरांच्या हातातला फोन रेंज गेल्यामुळे खिशात जातो. सरकारला कोकणातलं पर्यटन खरंच वाढवायचं असेल तर हे पूल असेच आणखी चाळीस वर्षं बांधत राहावेत. ही मागणी स्थानिकांना ऐकवू नये. अडल्या बाळंतिणीला घेऊन जो रात्री धक्क्यावर उभा राहिलाय, तो आपल्याला खाडीत ढकलेल आणि त्याचं बरोबरच असेल. रांगेत उभं राहण्याची मजा घरी परत जाणाऱ्यालाच येते.

शेवटी एकदाचे निघालो. पुणेकर ताम्हिणी उतरून माणगावमार्गे परस्पर श्रीवर्धनला भेटणार होते, ते आमच्या आधी पोचून तसा फोटो टाकून मोकळेही झाले. आमची गाडी आगरदांड्याला रांगेत चौथी. समोरून बोट आली. एसटीतून उतरावं तशी त्यातून माणसं उतरली, दुचाक्या उतरल्या, मग एक टेम्पो. तेवढ्यात मेहुण्यांनी बोटीवरच्या पोऱ्याला गाठलं.

“काय रे, इथला पूल कधी होणार?”

“होईल की. तुम्ही गाडी रिव्हर्स घ्या.”

“रिव्हर्स? बोटीत?”

“मग पलीकडे उतरणार कसे?”

मेहुण्यांनी गाडी वळवली. मागचा कॅमेरा सुरू झाला, पडद्यावर हिरव्या-पिवळ्या रेघा आल्या, टूंटूं वाजायला लागलं. पोऱ्याने येऊन काचेवर टकटक केलं.

“ओ साहेब, त्या टीव्हीत बघू नका. माझ्या हाताकडं बघा.”