एकट्याने पचमढीला कसे जावे?
(नागपूरच्या होतकरू प्रवाशांसाठी. पालकांनी वाचल्यास हरकत नाही.)

प्रवासासाठी लागणारं सगळं नागपूरकराला आयतंच मिळालेलं आहे. भर शहरात झिरो माईलचा खांब आहे, त्याच्याजवळ चार घोडे उधळायच्या तयारीत उभे आहेत. चेन्नईहून दिल्लीला जाणारी ग्रँड ट्रंक आणि हावड्याहून मुंबईला जाणारी गीतांजली, दोघी इथूनच जातात. सगळा देश हाताशी असल्यामुळे निघायची घाई मात्र कोणालाच नसते. तरीही पंचविशीच्या आसपास, मिहानमधली नोकरी जरा जुनी झाली की पाठीवर सॅक टाकून एकट्यानेच कुठेतरी जावं, अशी लहर काहींना येते. त्यावर औषध नाही. म्हणून हे मार्गदर्शन.

पायरी १ : घरी सांगणे

"मी एकटा फिरायला चाललो" हे वाक्य जेवताना उच्चारू नये, घास अडकतात. उच्चारल्यास तीन प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. "काऊन?" "कोणासोबत?" (एकटा असं आत्ताच सांगितलेलं असलं तरी.) आणि तिसरा, सगळ्यांत अवघड : "तिथे आपलं कोण आहे?" ज्या गावी आपलं कोणी नाही ते गाव अजून वसलेलंच नाही, अशी आपल्याकडे समजूत आहे.

प्रवासी मुलगी असल्यास चौथा प्रश्न येतो. तो तिला न विचारता तिच्या आईला विचारला जातो. मुलाची परवानगी एका संध्याकाळी मिळते, मुलीच्या परवानगीला आत्या, मावशी आणि मोठे काका यांचा कोरम लागतो. सॅक मात्र दोघांची सारख्याच वजनाची असते.

"आपल्यात असं कोणी गेलंय का?" या हरकतीसाठी गोडसे भटजी पाठ करून ठेवावेत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांना घेऊन ग्वाल्हेरच्या वाटेला लागले आणि त्यांचं प्रवासवर्णन १९०७ साली पुस्तकरूपाने आलं. इथे थांबावं. मधल्या काळात ते बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले आणि लुटले गेले, हा भाग आईसमोर सांगू नये.

पायरी २ : टूर की आपलं आपण?

परवानगी टळत नाही असं दिसलं की घरातून तडजोडीचा प्रस्ताव येतो : "जायचंच आहे तं टूरनं जा ना बाप्पा!" हा प्रस्ताव हसण्यावारी नेऊ नये. केसरी पाटलांनी १९८४ साली कंपनी काढली, वीणा पाटील यांनी २०१३ साली वीणा वर्ल्ड सुरू केली, आणि एवढ्या काळात ज्या मराठी माणसाला परक्या गावात चहा कुठे मिळेल याची धास्ती असायची, तो परदेशात वरण-भात मागू लागला. ही लहान गोष्ट नव्हे.

टूर कशी चालते ते समजून घ्या. सहाला उठवणार, सातला नाश्ता, आठला बस : याला सहा-सात-आठ म्हणतात. बसमध्ये पुढची सीट रोज बदलते, म्हणजे भांडण रोज नव्या माणसाशी होतं. पैसे बसचे आणि हॉटेलचे असतात हा गैरसमज आहे. टूर विकते ती निर्णयांपासून सुटका. चार जणांच्या मराठी कुटुंबाला "जेवायचं कुठे?" यावर पाऊण तास लागतो, टूर मॅनेजर तेच काम "चला, चला" या दोन शब्दांत उरकतो. ज्याला वर्षभर ऑफिसात निर्णयच घ्यावे लागतात, त्याने ही सुटका विकत घेतली तर त्याला हिणवू नये.

मात्र जाहिरातीतल्या आकड्यावरची चांदणी पाहावी. तो दर 'ट्विन शेअरिंग'चा असतो, म्हणजे खोलीत दोघं धरून. एकट्याने खोली मागितली की 'सिंगल सप्लिमेंट' नावाची रक्कम वाढते. ती नको असेल तर अनोळखी गृहस्थांसोबत खोली वाटून घ्यावी लागते. ते घोरतात की नाही हे माहितीपत्रकात नसतं. थोडक्यात, एकटेपणावर टूरमध्ये दंड आहे.

आपलं आपण गेल्यास हा दंड वाचतो, असा तरुणांचा समज असतो. तो पायरी ६ मध्ये दूर होईल.

पायरी ३ : ठिकाण

पहिल्याच खेपेला गोवा म्हणू नये. त्या शब्दाने घरच्यांच्या डोळ्यांसमोर येतं ते तुम्हाला निस्तरता येणार नाही. पचमढी म्हणावं. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं तेव्हा उन्हाळा लागला की अख्खं सरकार कागदपत्रांसकट पचमढीला जात असे. सरकारला नवतपा सोसला नाही, मग आम्हालाच का सोसावा, असं विचारता येतं.

शिवाय घरात एक छुपी बाजू तुमच्याकडे आहे : आजी. नागपंचमीच्या सुमारास विदर्भातल्या गावागावांतून माणसं नागद्वारच्या यात्रेला पचमढीला निघतात. पाठीवर गाठोडं, पायाखाली सातपुड्याचे चढ-उतार, अवघड जागी लोखंडी शिड्या, मुक्काम मिळेल तिथे, जेवण सेवा मंडळांच्या भंडाऱ्यात. ही वाट वर्षातले थोडेच दिवस उघडते. एरवी ते व्याघ्र प्रकल्पाचं जंगल आहे. बुकिंग नाही, टूर मॅनेजर नाही, आणि याला बॅकपॅकिंग म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. आजी जाऊन आलेली असेल तर तिला वेळीच बोलतं करावं. "मी तं भर पावसात गेली होती, याले काय होते?" या एका वाक्यापुढे कोरम बरखास्त होतो.

पायरी ४ : जाणे

मार्ग दोन. रेल्वेने इटारसीवरून पिपरियाला उतरावं आणि पुढे घाट चढावा. तिकिटं पूर्वी १२० दिवस आधी काढता यायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. त्यामुळे घरच्यांना तुमचं मन वळवायलाही तेवढाच वेळ उरतो. रेल्वेने नकळत केलेली ही मदत आहे.

दुसरा मार्ग सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा रस्त्याने. सौंसरपर्यंत कानावर मराठी पडत राहते, त्यामुळे धाडसाला सुरुवात झाल्यासारखं वाटत नाही. ते छिंदवाड्याच्या पुढे सुरू झालं असं धरावं. घाटात मोबाइलची रेंज जाते. घरच्या ग्रुपवर तुमचा निळा ठिपका थांबलेला दिसला की काका फोन करतात, तो लागत नाही, मग ते बाकीच्यांना करतात. निघण्यापूर्वी ही पूर्वसूचना लेखी द्यावी.

पिपरियाला उतरल्यावर शेअर जीप मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही. तुम्ही एकटे निघाला आहात हे जीपवाल्याला कबूल नसतं.

पायरी ५ : सॅक

चाळीस लिटरची सॅक पुरते. शास्त्रानुसार तुम्ही त्यात दोन जोड कपडे, टॉर्च, औषधं आणि पाण्याची बाटली भरावी. मग आंघोळीला जावं. परत येईपर्यंत तळाशी तिखट-मिठाच्या पुऱ्या, त्यावर चिवडा आणि कोपऱ्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी दिसेल : झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद, वरून रबर, भोवती जुन्या ओढणीचा तुकडा आणि या सगळ्याला दोन गाठी मारलेली पिशवी. शिवाय संत्रा बर्फीचा डबा, "कोणाला द्यायला". तिथे आपलं कोणी नसताना कोणाला, हे विचारू नये. डबा पिपरियाच्या जीपमध्ये उघडावा. जीप भरेपर्यंत ओळखी होतात.

पायरी ६ : प्रत्यक्ष एकटेपणा

पचमढीत बऱ्याच जागा जंगलखात्याच्या हद्दीत आहेत. बायसन लॉजवर जाऊन परवानगी घ्यायची आणि जिप्सी ठरवायची. जिप्सीचं भाडं डोक्यामागे नसून गाडीमागे असतं. सहा जण गेले तर सहांत वाटलं जातं, एकटा गेला तर एकट्याच्या माथी बसतं. सिंगल सप्लिमेंट इथे जिप्सीच्या रूपाने भेटतो.

उपाय : बाजूला उभं राहून पाच जणांचं कुटुंब हेरावं. अकोल्याचं किंवा अमरावतीचं मिळाल्यास उत्तम. संवाद पुढीलप्रमाणे होतो.

"कुठले तुम्ही?"

"नागपूर."

"नागपुरात कुठे?"

"त्रिमूर्तीनगर."

"अरे! आमचे साडू तिथेच राहतात."

धूपगड येईपर्यंत आडनाव, पगार आणि पत्रिकेतली नाडी निघालेली असते. सातपुड्याचं हे सर्वांत उंच शिखर, साडेतेराशे मीटर; तिथला सूर्यास्त तुम्ही त्यांच्या धाकट्याला खांद्यावर घेऊन पाहाल. रेंज आल्यावर घरी कळवावं : तिथे आपलं माणूस निघालं.

मग स्वतःच्या जिवावर येऊन मिळालं काय? दुसऱ्या दिवसाची दुपार. यादीत अजून दोन पॉइंट बाकी असतात आणि तुम्ही टपरीवर दुसरा चहा सांगता. ते दोन पॉइंट राहूनच जातात. टूरमध्ये हा गुन्हा आहे. तिथे पॉइंट बुडाला तर लोक पैसे परत मागतात. इथे तो तुम्ही स्वतःच्या मर्जीने बुडवला आणि हिशेब मागायला कोणी नाही. एकट्याने जायचं ते एवढ्यासाठी. हा तास टूरवाल्यांना कुठल्याही दरात देता येत नाही, कारण तो द्यायचा तर त्यांना बस रिकामी करावी लागेल.

पायरी ७ : परतल्यावर

परतल्यावर फोटो सर्वांना दाखवावे लागतात. फोटो पाहून आत्या म्हणते, "छान आहे रे. आपण सगळेच जाऊ दिवाळीत, तुला तं सगळं माहीतच आहे." नकार देण्याची पद्धत अद्याप विकसित झालेली नाही. दिवाळीत अठरा माणसं निघतात, तीन जिप्सी लागतात, आणि तुम्ही लॉजच्या व्हरांड्यात पहाटे दारं ठोठावत "सहा-सात-आठ, चला, चला" ओरडत असता. काका पुढच्या सीटवरून मामांशी भांडतात. आत्या बाजूला घेऊन म्हणते की तिला झोपेला शांतता लागते, वेगळी खोली मिळाली तर बरं.

तेव्हा चेहरा गंभीर ठेवून सांगावं : "आत्या, सिंगल सप्लिमेंट लागेल."