मळखाऊ रंगाचा नायक

हॉलिवूडचा नट कॅरी ग्रँट आमच्या घरात आला तो टॉम आणि जेरीचं बोट धरून. नव्वदच्या दशकात केबलवर एकाच वाहिनीचे दोन संसार चालत. दिवसभर कार्टून नेटवर्क, आणि पोरांची झोपायची वेळ झाली की टीएनटी. आत्ता जिथे मांजर उंदरामागे धावत होतं, तिथेच पाच मिनिटांनी सिंह डरकाळी फोडायचा आणि कृष्णधवल बायका सावकाश हातमोजे काढू लागायच्या. हा काही निव्वळ योगायोग नव्हता. हे दोन्ही संसार थाटणाऱ्या टेड टर्नर नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९८६ साली एमजीएम स्टुडिओ विकत घेतला, कर्ज झेपेना म्हणून त्याच वर्षी बराचसा विकूनही टाकला, पण जुन्या चित्रपटांची पेटी तेवढी स्वतःकडे ठेवली. टॉम, जेरी आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ हे सगळे त्या एकाच पेटीतले. आमच्याकडे रिमोट कुणाच्या मांडीखाली आहे याचा शोध लागेपर्यंत ग्रँटसाहेब आत येऊन बसलेले असत.

थिएटरात नट दोन मजले उंच असतो आणि आपण अंधारात गप्प असतो. घरी तो एकवीस इंची, ट्यूबलाइट चालू, आणि बोलणारी तोंडं पाच. आजीने पहिल्याच रात्री त्याला स्थळ म्हणून तपासायला घेतलं. त्या वेळी आमच्याकडे लग्नाचं कुणी नव्हतं, पण आजीची नजरच तशी तयार झालेली. उंची चांगली. केस दाट. हनुवटीला खळी. “पण करतो काय?” इथे गाडी अडायची. कॅरी ग्रँट पोटापाण्यासाठी काय करतो हे त्याच्या चित्रपटात एकदा सांगून टाकतात आणि मग त्याला कामावर म्हणून जाऊ देत नाहीत. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये तो जाहिरातवाला आहे. सुरुवातीला सेक्रेटरीला चालता चालता चार सूचना देतो, आणि नंतरचे दोन तास ऑफिसचं नाव नाही. ‘टू कॅच अ थीफ’मध्ये तर तो निवृत्त चोर आहे, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर टेकडीवर बंगला आणि द्राक्षाची बाग. “निवृत्त आहे ना, मग झालं,” अण्णा म्हणाले. ते स्वतः नुकतेच निवृत्त झाले होते आणि द्राक्षं विकतही आणत नव्हते.

‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ आमच्याकडे इतक्या वेळा लागला की आईने त्यावर स्वयंपाकाची वेळ बसवली होती. १९५९चा चित्रपट, दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक. ग्रँट तेव्हा पंचावन्न वर्षांचा, आणि त्याची आई झालेली जेसी रॉइस लँडिस त्याच्याहून जेमतेम सात-आठ वर्षांनी मोठी. आजीला हे कुणी सांगावं लागलं नाही. “ही आई? हिच्यापेक्षा याच्या कपाळावर जास्त आठ्या आहेत.” त्यातून ‘टू कॅच अ थीफ’मध्ये याच बाई ग्रेस केलीच्या आई, म्हणजे ग्रँटच्या होणाऱ्या सासूबाई! गेल्या महिन्यात पाहिलेली सासू या महिन्यात आई होऊन आल्यावर आजीचा हॉलिवूडच्या नातेसंबंधांवरचा विश्वास उडाला तो कायमचा.

पण आई म्हणून त्या बाई अजब होत्या. हिंदी पडद्यावरची आई अशा वेळी देवळात घंटा वाजवायला धावली असती. इथे दोन मारेकरी मुलाच्या मागावर आहेत, तिघंही एकाच लिफ्टमध्ये आहेत, लिफ्ट माणसांनी भरलेली आहे, आणि आई त्या दोघांना सरळ विचारते, तुम्ही खरंच माझ्या मुलाला मारणार आहात का हो? एक क्षण शांतता. मग मारेकरी हसायला लागतात, आई हसते, सगळी लिफ्ट हसते, आणि मधोमध ग्रँट उभा, एकटाच न हसणारा. खरी भीती वाटत असताना आपलीच माणसं आपल्याला हसतायत, हे त्या चेहऱ्यावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं मी दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. पुढे कधीतरी वाचलं की त्याची खरी आई तो लहान असताना एक दिवस घरातून नाहीशी झाली होती. वडिलांनी तिला ब्रिस्टलच्या मनोरुग्णालयात ठेवलं होतं आणि मुलाला ते सांगितलंच नव्हतं. ती जिवंत आहे हे त्याला कळलं तेव्हा तो तिशीत होता आणि हॉलिवूडचा नट झालेला होता. आता लिफ्टचा प्रसंग लागला की मी हसतो, पण जरा उशिरा.

आमच्या आईला मात्र माणसापेक्षा सूट महत्त्वाचा. राखाडी, एकच, जवळजवळ सबंध चित्रपटभर तोच. “मळखाऊ रंग आहे, हुशार आहे माणूस,” हा तिचा अभिप्राय. त्या सूटला जे सोसावं लागतं ते कुठल्याही टेरिकॉटला झेपलं नसतं. त्यात त्याला बळजबरीने दारू पाजतात, त्यातच तो पोलीस कोठडीत रात्र काढतो, रेल्वेत लपतो. मग तो प्रसिद्ध माळ : सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना उजाड शेतं, बसथांबा, आणि उन्हात उभा असलेला एक सुटाबुटातला माणूस. कथेत हे इंडियाना राज्य, चित्रित झालं कॅलिफोर्नियात. कितीतरी मिनिटं पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. आमच्या काकांना वाटलं टीव्हीचा आवाज गेला, त्यांनी उठून दोन थपडा मारल्या. तेवढ्यात फवारणीचं विमान अंगावर आलं. ग्रँट धुळीत पालथा पडतो, मक्याच्या शेतात शिरतो, वरून औषध फवारतात, शेवटी टँकरखाली जाता जाता वाचतो. आणि शिकागोच्या हॉटेलात पोचल्यावर सूट झटकून, पुसून, इस्त्री होऊन परत! आई ताडकन म्हणाली, “आणि आपला इस्त्रीवाला साध्या शर्टाला गुरुवार सांगतो.” चित्रीकरणासाठी त्या सूटच्या अनेक जोड्या शिवून ठेवल्या होत्या हे मी तिला कधी सांगितलं नाही. काही श्रद्धा जपाव्यात.

तोच तोच चित्रपट टीव्हीवर पाहण्याचा एक फायदा असतो, नायक पाठ झाला की मागच्या लोकांकडे लक्ष जातं. माउंट रशमोरच्या उपाहारगृहात नायिका ग्रँटवर पिस्तूल झाडते, त्याच्या जरासं आधी मागच्या टेबलावरचा एक मुलगा दोन्ही कानांत बोटं घालून बसतो. बिचाऱ्याने तालमीत आवाज ऐकलेला असणार. आमच्याकडे प्रसंग जवळ आला की सगळी पोरं कानांत बोटं घालून बसायची. ग्रँटकडे बघायला कुणी शिल्लकच नसायचं.

बाकी हिचकॉकचे चित्रपट आमच्या दिवाणखान्याला जरा जडच गेले. ‘सस्पिशन’मध्ये (१९४१) ग्रँट बायकोसाठी दुधाचा पेला घेऊन अंधारात जिना चढतो. दुधात विष आहे की काय, ही तिला शंका. पेला उठून दिसावा म्हणून हिचकॉकने दुधात दिवा ठेवला होता. आईला दिव्याची गरज पडली नाही. “नवरा आपण होऊन दूध तापवून वर आणतोय? विषच आहे.” अण्णा पेपरात तोंड घालून बसले.

‘नटोरियस’ने (१९४६) वेगळाच पेच आणला. त्या काळच्या हॉलिवूड आचारसंहितेनुसार चुंबन तीन सेकंदांच्या वर चालत नसे, असं सांगतात. हिचकॉकने काय करावं? ग्रँट आणि इन्ग्रिड बर्गमन यांना दर तीन सेकंदांनी थांबवलं, बोलायला लावलं आणि पुन्हा जवळ आणलं. असं जवळपास अडीच मिनिटं. अण्णांनी पहिल्या सेकंदाला रिमोट उचलला, दूरदर्शनवर विदर्भात तुरळक पावसाची शक्यता ऐकली, परत आले, तर चालूच. पुन्हा गेले, कोकण किनारपट्टी झाली, परत आले, तर आता ती दोघं एकमेकांना न सोडता रात्रीच्या जेवणात कोंबडी करण्याविषयी बोलत होती. “संसारी आहेत हो,” आजी म्हणाली, आणि रिमोट खाली ठेवायला लावला.

‘गंगा दीन’वर मात्र आमच्याकडे सभात्याग झाला. १९३९चा हा चित्रपट वायव्य सरहद्दीवर घडतो, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या लोन पाइन गावाबाहेरच्या खडकांत घडतो. शीर्षकातला पाणक्या गंगा दीन म्हणजे न्यूयॉर्कचा सॅम जॅफी, पन्नाशीला टेकलेला, अंगाला तपकिरी रंग फासलेला. ग्रँट त्यात गोरा सार्जंट, आणि ठगांनी भरलेल्या देवळात एकटाच शिरून, गाणं म्हणून, सगळ्यांना तुम्हाला अटक आहे असं जाहीर करतो. मुंबईत ‘फिल्मइंडिया’ काढणारे बाबूराव पटेल त्या काळी असल्या साम्राज्याच्या पोवाड्यांवर तुटून पडत. अण्णांनी साठ वर्षं उशिरा का होईना, ती परंपरा चालवली. ते निषेध म्हणून गॅलरीत गेले. मधून मधून मात्र दारातून डोकावत, कारण त्या अटकेच्या प्रसंगात ग्रँट इतका बेशरमपणे विनोदी आहे की देशभक्ताचाही तोल जावा.

माझं मत विचाराल तर ग्रँटची सगळी कमाई त्या तोल जाण्यातच आहे. ब्रिस्टलचा हा आर्चिबाल्ड लीच (ग्रँट हे नाव नंतरचं) पोरवयात बॉब पेंडरच्या कसरतपटूंच्या मंडळीत शिरला. कोलांट्या, उंच काठ्यांवर चालणं, वेळेवर पडणं हे सगळं तिथे शिकला. १९२०ला मंडळींबरोबर न्यूयॉर्कला गेला तो तिथेच राहिला, आणि काही दिवस कोनी आयलंडच्या जत्रेत काठ्यांवर चालून जाहिरात करत होता. देखण्या नटांना पडायची भीती असते, केस विस्कटतात. याला पडणं येत होतं. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ (१९३८) बघा. जाड चष्म्याचा शास्त्रज्ञ, डायनोसॉरच्या सांगाड्यातलं एकच हाड राहिलेलं, ते कुत्रा पुरून ठेवतो, आणि कॅथरिन हेपबर्न पाळलेला बिबट्या घेऊन मागे लागलेली. ग्रँट त्यात घसरतो, आपटतो, बाईचा पिसांचा झगा घालून दार उघडतो, आणि दर वेळी उठताना असा उठतो की जमिनीनेच माफी मागावी. पहिल्या फेरीत हा चित्रपट आपटला. त्याची कीर्ती वाढायला लागली ती पन्नासच्या दशकात अमेरिकेतल्या टीव्हीवर लागायला लागल्यावर. तिथेही कुणाची तरी आजी ट्यूबलाइट लावून बसली असणार.

स्थळाचा निकाल शेवटी काकांनी लावला. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचून आणलं की या माणसाने पाच लग्नं केली. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पाचही वेळा तोच सूट?”

तरीही तिने त्याला पूर्ण टाकला नाही, याचं कारण ‘वॉक, डोन्ट रन’. ग्रँटचा हा अखेरचा चित्रपट, १९६६चा. त्याच वर्षी त्याला मुलगी झाली, आणि बासष्टाव्या वर्षी, मागणी जोरात असताना, त्याने पडदा सोडला. १९६४च्या ऑलिंपिकच्या गर्दीत टोकियोला राहायला खोली मिळत नाही, म्हणून एक ब्रिटिश उद्योगपती एका तरुणीच्या फ्लॅटमध्ये शिरकाव करून घेतो आणि तिचं लग्न एका चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूशी जुळवून देतो. नायिका आपल्याला मिळवायची नाही, दुसऱ्याला मिळवून द्यायची, असं काम ग्रँटने आनंदाने घेतलं. आजी सावरून बसली. शर्यत चालू असते, खेळाडू थांबणार नाही, आणि बोलणी तर आजच व्हायला हवीत. तेव्हा ग्रँट गाडीतच सूट उतरवतो आणि बनियन-चड्डीवर भर रस्त्यात त्या पोराच्या जोडीने तुरुतुरु चालत लग्नाचं बोलू लागतो.

“लग्न जमवायचं म्हणजे चपला झिजवाव्याच लागतात,” आजी म्हणाली.

आईने विचारलं, “सूट कुणाकडे देऊन आलाय?”