दर्शनी समुद्र, जादा दराने

गोव्यात सध्या दोन पक्ष आहेत. विधानसभेत किती आहेत ते विचारू नका, तिथे सकाळी मोजलेला आकडा संध्याकाळी जुळत नाही. मी म्हणतोय ते क्रूझवर जाणाऱ्यांचे पक्ष: बाल्कनीवाले आणि खिडकीवाले. बिनखिडकीच्या आतल्या केबिनवाल्यांचा तिसरा एक गट आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. ते अपक्षांसारखे, जिथे पंगत बसेल तिथे हजर.

३० सप्टेंबर २०२४ ला केंद्र सरकारने मुंबईत ‘क्रूझ भारत मिशन’ सुरू केलं. २०२९ पर्यंत देशातल्या क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायची आहे. अशा राष्ट्रकार्यात डिचोली मागे राहणं शक्य नव्हतं. तेव्हा आमच्या डिचोलीच्या ताईने आणि भावोजींनी कंबर कसली. तारीख ठरली, रजा मंजूर झाली, पोहे-लाडू न्यायला परवानगी नाही हे कळल्यावर थोडा शोकही पाळून झाला. मग एजंटाने फोनवर विचारलं, “बाल्कनी की ओशन व्ह्यू?” आणि इतकी वर्षं सुरळीत चाललेल्या संसारात फूट पडली. ताई बाल्कनीत गेली, भावोजी खिडकीत अडकले.

वाचक विचारतील, ही क्रूझ जाते कुठे? मुंबईहून गोव्याला. म्हणजे डिचोलीच्या माणसाने आधी थिवीला जाऊन रात्रीची गाडी पकडायची, मुंबईत उतरून बंदरावरच्या रांगेत उभं राहायचं, बॅगा तपासून घ्यायच्या आणि मग पाण्यातून, दामदुप्पट मोजून, मुरगावला यायचं. मुरगावात बस तयार असते. ती जुन्या गोव्याची चर्चं, मंगेशीचं देऊळ, दोनापावल असं सगळं दाखवून संध्याकाळी पुन्हा जहाजावर सोडते. पेडण्याच्या माणसाची सोय याहून चांगली. त्याच्या दाराशी मोपाचा विमानतळ आहे, ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं उडतात. तो मोपाहून दुपारच्या जेवणाआधी मुंबईत पोचू शकतो आणि मग रात्रभर लाटा खात, होता तिथे परत येऊ शकतो. शेजारच्या काकूंनी ताईला निरागसपणे विचारलं, “मगे गोंयांत खंय रावतलीं तुमी?” ताई काकूंशी अजून बोलत नाही.

आता मूळ वादाकडे वळू. भावोजींची बाजू शास्त्रशुद्ध आहे. जहाज डुलतं तेव्हा वरचे मजले जास्त हेलकावतात, खालचे आणि मधले कमी. बाल्कन्या बहुतेक वर असतात, नुसत्या खिडक्या खाली. म्हणजे ज्याने जास्त पैसे भरले त्याला बोट जास्त लागणार. खिडकीवाला मात्र खाली, पोटातलं पोटात ठेवून, निवांत. भावोजी स्वभावानेच खिडकीवाले आहेत. एसटीतही ते खिडकी पकडतात आणि सुटल्याबरोबर झोपतात.

पण खिडकीतही पोटभेद आहेत, हे त्यांना नंतर कळलं. जहाजाची खिडकी उघडत नाही. काचेवर बाहेरून मिठाची साय बसलेली असते. शिवाय काही केबिनांसमोर तारांकित बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘दृश्य अंशतः अडलेलं’. म्हणजे पडदा सारल्यावर समुद्राऐवजी नारिंगी रंगाची जीवरक्षक होडी दिसते. भावोजी म्हणाले, “चांगलंच की! टायटॅनिकवर सगळ्या लोकांना पुरतील एवढ्या होड्या नव्हत्या धड. इथे आपल्या खिडकीशी स्वतंत्र बांधलेली.” ताईने नुसतं पाहिलं. त्या नजरेपुढे हिमनग वितळला असता.

ताईच्या बाजूला शास्त्र नसलं तरी फोटो आहेत. तिच्या मैत्रिणीने बाल्कनीत पाठमोरी उभी राहून, केस सोडून, क्षितिजाकडे पाहतानाचा फोटो टाकला होता. कुणाच्याही लक्षात आलं नाही की ते क्षितिज संध्याकाळी निघालेल्या जहाजाच्या पहिल्या तासातलं आहे. मुंबई-गोवा जहाज सुटतं संध्याकाळी. दिवे लागले की बाल्कनीतून दिसतो तो अंधार. उत्तम प्रतीचा, खारा, महागडा अंधार. त्यातही जाताना किनारा डाव्या अंगाला असतो. उजव्या अंगाची बाल्कनी घेतलीत तर तोंड थेट ओमानकडे. रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण सगळं पाठीमागून निघून जातं आणि आपण अरबांच्या दिशेने हात हलवत बसतो. येताना उलटं. एजंटाला डावी की उजवी विचारलं तर तो म्हणतो, “मॅडम, समुद्र दोन्हीकडे सेमच आहे.” प्रामाणिक माणूस.

मला मात्र या वादातली खरी गंमत दुसरीकडेच दिसते. ताईचा डिचोलीतला फ्लॅट मी पाहिलेला आहे. बिल्डरने दिलेली बाल्कनी ताबा मिळाल्याच्या महिन्यात बंद झाली. आधी ग्रिल आलं, मग पावसाची झड येते म्हणून सरकत्या काचा, मग हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंतच गेली. आता तिथे सोफ्याचा तुकडा, चपलांचं कपाट, न वापरलेली व्यायामाची सायकल आणि वॉशिंग मशीन आहे. खालच्या मजल्यावरच्यांनी तेच केलंय, वरच्यांनीही. अख्ख्या इमारतीत उघडी बाल्कनी म्हणून एकच उरली आहे, ती भाडेकरूची, कारण मालकाने खर्च करायला नकार दिला. जमिनीवरची फुकट आलेली बाल्कनी जिने पैसे देऊन बुजवली, ती पाण्यावरची चार फुटांची बाल्कनी दोन रात्रींसाठी जादा पैसे देऊन उघडायला निघाली आहे. वर बाल्कनीत टॉवेल वाळत घालू नयेत असा जहाजाचा नियम. वाळत घालायचं नाही तर बाल्कनी कशाला, हे कोडं ताईने अजून नीट सोडवलेलं नाही. मनातल्या मनात तिने दोरी बांधून ठेवलेली आहे.

आपल्या पूर्वजांचं समुद्राशी असलेलं नातं मात्र सावध होतं. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदानं असत. त्यातून दुधाळ उजेड आत येई, दृश्य मात्र काडीचं दिसत नसे. शंभर टक्के ‘अडलेलं दृश्य’, आणि त्याबद्दल कुणी सवलत मागितल्याची नोंद नाही. दारापुढचं बाल्कांव होतं ते समुद्र बघण्यासाठी नव्हतं, रस्ता बघण्यासाठी होतं: कुणाची मुलगी कुणाबरोबर चालली, पाववाला आज उशिरा का आला, पाद्री कुणाकडे वळला. मांद्रे-मोरजीच्या बाजूलाही जुन्या वस्त्या रेतीची टेकाडं आणि माडांची रांग मध्ये ठेवून मागे सरकून बसलेल्या. ज्यांना वारा ठाऊक होता त्यांनी त्याच्यासमोर छाती काढली नाही. आता त्याच पट्ट्यात ‘सी व्ह्यू’ विकला जातो. तो घेणारा दिल्लीचा. आणि मागच्या वाड्यावरचा माणूस पूर्वी माडांतून दिसायचा तो समुद्र आता हॉटेलच्या जाहिरातीत पाहतो.

आधीच्या पिढीला केबिनचा प्रश्नच पडला नाही. मुंबई-पणजी आगबोट होती, तिला डेक होते. खालच्या डेकवर वळकटी पसरायची, शेजारच्याची कोंबडी आपल्या उशाशी, आपला फणस त्याच्या पायाशी. मधल्या बंदरांत धक्का नसे तिथे आगबोट बाहेरच उभी राही आणि पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या वर चढवल्या जात. बोट लागू नये म्हणून लिंबू. लागली तर कठडा. बाल्कनीचा त्यांना ठाऊक असलेला उपयोग एवढाच. ‘कोकण सेवक’, ‘कोकण शक्ती’ अशी नावं असलेल्या त्या बोटी ऐंशीच्या दशकाबरोबर गेल्या. त्यांची आठवण काढून आज जे गहिवरतात, त्यांतले बरेचसे त्या काळी वरच्या वर्गात होते.

मग ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ आली, मुंबई-गोवा आरामदायी सफर म्हणून. तिच्या उद्घाटनाला महाराष्ट्राच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या पत्नी सुरक्षाकडं ओलांडून नाळेच्या टोकाशी जाऊन बसल्या आणि सेल्फी काढला. सुरक्षा अधिकारी मागून विनवण्या करत होते. देशभर टीका झाली. मला विचाराल तर त्यात राजकारण काही नव्हतं, बाल्कनीची हौस होती.

बाल्कनीचं खरं मोल सिद्ध झालं ते जानेवारी २०२२ मध्ये. नववर्षाच्या सफरीवर ‘कॉर्डेलिया’ मुरगावला आली, करोनाच्या तपासण्या झाल्या आणि ६६ जण बाधित निघाले. जहाजावर दोन हजारांच्या आसपास माणसं. आधी कुणालाच उतरू दिलं नाही, मग जहाज परत मुंबईकडे. समोर गोवा, पायाखाली गोव्याचं पाणी, आणि किनाऱ्यावर पाय नाही. त्या दिवशी बाल्कनीवाल्यांनी मोकळ्या हवेत बसून गोवा निदान पाहिला. खिडकीवाल्यांनी काचेतून पाहिला. आतल्या केबिनवाल्यांनी टीव्हीवर पाहिला, बातम्यांत, त्यांच्याच जहाजाबद्दल.

आणि पाहिला म्हणजे काय पाहिला? पर्यटन खात्याच्या फलकावरचा नव्हे. सकाळी मुरगाव बंदरात बाल्कनीचा दरवाजा सरकवला की समोर क्रेन, वाघिणी आणि कोळसा. कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा याच बंदरात उतरतो. वास्कोचे लोक त्याच्या काळ्या धुळीबद्दल वर्षानुवर्षं ओरडतायत, फडक्याने खिडक्या पुसतायत. म्हणजे जमिनीवरचा माणूस खिडकी बंद करून बसतो ते दृश्य पाण्यावरच्या माणसाला बाल्कनीसकट विकलं जातं. व्यापार म्हणतात तो हा.

भावोजींच्या वडिलांना यातलं काहीच नवं नाही. ते मांडवीत बार्जवर होते. डिचोलीच्या खाणींचं लोहखनिज सारमानसच्या बाजूने भरायचं, पणजीवरून उतरायचं आणि मुरगावला मोठ्या जहाजात रितं करायचं, यात त्यांचा जन्म गेला. २०१२ ला खाणी बंद पडल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद. डिचोलीच्या पट्ट्यात २०२४ मध्ये पुन्हा खोरं हललं, तोवर म्हातारबांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. सुनेने बाल्कनी म्हणजे काय ते समजावल्यावर ते म्हणाले, “आमच्या बार्जीवर सगळीच बाल्कनी होती. पाऊस आला की कळायचं.” मग थोडं थांबून, “आणि तुला मुरगावच बघायचं असेल तर मी सांगतो काय आहे ते. बस इथे.”

अखेर तडजोडीसाठी पेडण्याच्या मामांना लवाद नेमलं. मामा मूळचे केरीचे. पेडण्याच्या केरीहून तेरेखोलला अजून फेरीबोटच जाते. पुलाचं काम सुरू होऊन अडलं, प्रकरण हरित लवादात गेलं, आणि नदी परिवहन खात्याची सफर चालूच राहिली. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. मामांनी दोघांचं ऐकून घेतलं, बिल पाहिलं, चष्मा काढून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “पैशे दिवन दर्यो बघूचो? चला माझ्याबरोबर.”

गाडीसकट सगळे फेरीबोटीवर चढले. मामा उतरून पुढे फळीशी जाऊन उभे. डाव्या हाताला तेरेखोलची नदी समुद्राला मिळते, समोर डोंगरावर सावंतवाडीकरांनी बांधलेला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी बळकावलेला किल्ला, वाऱ्याने मामांचं धोतर फडफडतंय. मागे वळून त्यांनी हात केला. गाडीच्या काचा वर होत्या, एसी चालू होता. ताई फोनवर बाल्कनीचे फोटो मोठे करून पाहत होती आणि भावोजी मजल्यांचा नकाशा. रेंज येत-जात होती. फेरीबोट पलीकडे टेकली तेव्हा एजंटाचा निरोप आला, बाल्कनीच्या केबिन संपल्या.

मामा गाडीत येऊन बसले, अंगाला खाऱ्या वाऱ्याचा वास. ताई म्हणाली, “निदान डाव्या बाजूची खिडकी तरी बघा.”

भावोजींनी विचारलं, “जाताना डावी, की येताना?”