सुलट, उलट आणि उलटतपासणी

तुळशीबागेत लोकर मागायची नसते, जबानी द्यायची असते.

"कुणासाठी?"

"भाचीच्या बाळासाठी."

"कितवा चालूये?"

"सातवा."

"म्हणजे मार्चात होणार. पुण्यात मार्चात स्वेटर? वर्षाच्या मापाचा विणा, पुढच्या थंडीत घालेल. दोनशे ग्रॅम पुरे."

भाचीच्या डॉक्टरांनीही इतका पुढचा विचार केला नव्हता. ऑनलाइन हे कोणी विचारत नाही. तिथे रात्री दोन वाजता दोन किलो लोकर टोपलीत टाका, वर आणखी पाचशे ग्रॅम घेतलीत तर पोहोचवणं फुकट.

सुयांची गंमत तर वेगळीच. आपल्याकडे जुना ब्रिटिश हिशेब चालतो: नंबर वाढला की सुई बारीक. दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकेत नेमकं उलटं, तिथली दहा नंबरची सुई ६ मिलिमीटरची. ऑनलाइन दोन्ही दहा नंबर शेजारीशेजारी सुखाने नांदतात. चुकीचा दहा निवडला, तर बाळाचा हात बाही सोडून कुठल्याही टाक्यातून बाहेर येऊ शकतो. दुकानदार मात्र सुई बोटांत फिरवतो, लोकरीकडे बघतो आणि न बोलता दुसरी जोडी पुढे सरकवतो.

शिवाय लॉट नंबर. एकाच घाण्यात रंगलेल्या गुंड्यांच्या वेष्टनावर तो एकच असतो. लोकर कमी पडली आणि दुसऱ्या लॉटची जोडली, की पाठ-पोट एका रंगाचं आणि डावी बाही जरा आजारी दिसते. दुकानदार त्याच लॉटच्या दोन गुंड्या बाजूला ठेवतो. "लागल्या तर न्या, नाहीतर विकीन." मोबाइलवरचा रंग तर उजेड कमीजास्त केला तरी बदलतो. इथे गुंडी घेऊन दारात उन्हात जाता येतं. मागून "ताई, बिल व्हायचंय" अशी हाक येते, तेवढंच.

पण खरेपणात वेबसाइट पुढे, हे मान्य करायला हवं. शंभर टक्के अ‍ॅक्रिलिक, असं ती स्वच्छ लिहिते. दुकानात "प्युअर आहे ना?" विचारलं तर उत्तर येतं, "मऊ आहे." 'लोकर' म्हणून आपण जे विणतो त्यातल्या बहुतेकीचा मेंढीशी संबंध वेष्टनावरच्या चित्रापुरता. गोलाकार बांबूच्या सुया, क्रोशाच्या बाहुल्यांचे प्लॅस्टिकचे डोळे, असल्या वस्तूही ऑनलाइन बसल्याजागी मिळतात.

तरी विणणाऱ्या बायका ऑनलाइन जातात त्याचं खरं कारण वेगळंच आहे. ज्यांच्या दिवाणात आधीच लोकर मावत नाही, त्यांना "मागचं झालं का?" हा प्रश्न नको असतो. वेबसाइट तो कधीच विचारत नाही. उलट म्हणते, ही लोकर घेणाऱ्यांनी हेही घेतलं.

आता आमचे दुकानदारही सुधारलेत. "फोटो टाका ताई, घरपोच पाठवतो," म्हणाले. मी रात्री अकराला एका सुंदर मोरपंखी छटेचा फोटो टाकला. निळ्या खुणा लगेच उमटल्या. मग उत्तर आलं:

"मिळेल. मागच्या पिवळ्याचं काय झालं?"