गोविंदा आणि लिमिट स्विच

२००८ साली पुण्यात बालेवाडीला एक दहीहंडी झाली. गच्चीवरून बादलीभर पाणी ओतणाऱ्या काकूंना तिथे मज्जाव होता, कारण खालचे गोविंदा भिजले असते तर जळाले असते. ते सगळे रोबो होते. उंचावरच्या मडक्यांतलं लोणी काढायला आशियाभरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं त्यांना घेऊन आली होती. त्यांतल्या निम्म्यांना श्रीकृष्ण कोण आणि त्याने लोण्याची चोरी का केली, याचा पत्ता नसणार. पण नियमपुस्तिकेत मडक्याची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असली की इंजिनिअरला पुराणाची गरज पडत नाही.

या स्पर्धेचं नाव रोबोकॉन. भरवणारी संस्था विज्ञान परिषद वगैरे नाही. आशिया-पॅसिफिक भागातल्या दूरचित्रवाणीवाल्यांची संघटना आहे आणि आपलं दूरदर्शन तिचं सभासद आहे. पहिली स्पर्धा २००२ साली टोकियोत झाली. तेव्हापासूनची पद्धत अशी, की यजमान देशाने आपल्या मातीतला एखादा विषय द्यायचा आणि बाकीच्यांनी त्यावर यंत्रं बनवून आणायची. जपानने २००९ साली पालखी दिली. (वारकऱ्यांनी लगेच हात जोडू नयेत, ही जपानी प्रवाशाची पालखी. दोन यंत्रांनी उचलायची, तिसऱ्याने आत बसायचं.) इजिप्तने २०१० साली पिरॅमिड बांधायला लावले, इंडोनेशियाने २०१५ साली बॅडमिंटनची दुहेरी खेळवली, व्हिएतनामने २०२४ साली भातशेती करून घेतली.

देशाचा स्वभाव अशा वेळी उघडा पडतो. चीनने २००५ साली आपली भिंत पुढे केली, मलेशियाने २००६ साली जुळे मनोरे. म्हणजे पाहुणे आले की आधी दिवाणखाना दाखवायचा. आपल्याकडे यजमानपद तीनदा आलं. ताजमहाल होता, कुतुबमिनार होता, दाखवायला काय कमी होतं? आपण २००८ साली दहीहंडी दिली, २०१४ साली पुन्हा पुण्यातच बागेतली खेळणी दिली आणि २०२२ साली दिल्लीत लगोरी. तिन्ही वेळा पाहुण्यांना थेट अंगणात नेलं. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला माझा नमस्कार, कारण जगात यंत्राला सगळ्यात अवघड काय असेल तर ते पोरखेळ. हे त्याला ठाऊक असो वा नसो, निवड बरोबर झाली.

२०१४ च्या विषयाचं नाव होतं आईबापांना वंदन. प्रत्येक संघाने दोन रोबो आणायचे: एक पालक, एक मूल. पालकाने मुलाला उचलून सीसॉवर बसवायचं, खांबांवरून चालवायचं, झोक्यावर ठेवून झोका द्यायचा आणि शेवटी जंगलजिमपाशी आणून सोडायचं. तिथे मात्र पोराने स्वतः चढायचं. सगळं सुरळीत पार पडलं की त्या संघाची ‘शाबास’ झाली असं धरायचं आणि तिथल्या तिथे तो जिंकायचा. यातली खरी गंमत नियमांच्या तपशिलात होती. पालक-रोबो माणसाच्या हातातल्या कंट्रोलरवर चालायचा आणि मूल-रोबो पूर्ण स्वयंचलित, त्याला कोणी हातही लावायचा नाही. आईबाप दुसऱ्याच्या तालावर नाचणारे आणि मूल आपल्या मनाचं! भारतीय कुटुंबव्यवस्थेचं इतकं नेमकं वर्णन कुठल्या समाजशास्त्रज्ञाने केलेलं माझ्या वाचनात नाही.

झोका देणं म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. कुठलीही मावशी एका हाताने झोका देते, दुसऱ्या हाताने भेळ खाते आणि तोंडाने तिसऱ्याच बाईशी बोलत असते. झोका परत येऊन टेकला, की बरोबर त्या क्षणी तिचा हात पुढे जातो. हे ‘बरोबर त्या क्षणी’ यंत्राला शिकवायचं तर सेन्सर लागतात, कोड लागतो, आणि पोरांच्या कित्येक रात्री लागतात. क्षण थोडा आधीचा निघाला तर झोका अडतो, थोडा नंतरचा निघाला तर धक्का हवेत जातो.

लगोरीचं तर विचारूच नका. आमच्या गल्लीत सात ठिकऱ्या असायच्या. स्पर्धेत पाच चकत्या होत्या. एका संघाच्या रोबोने चेंडू मारून त्या पाडायच्या, त्याच्या जोडीदाराने त्या पुन्हा रचायच्या आणि समोरच्या संघाने त्याला चेंडूने टिपायचं. आता रोबोला चेंडू लागला हे ओळखायचं कसं? आमच्या वेळी त्याचा पुरावा पाठीवर असायचा आणि रात्री आईला वळ दिसायचा. इथे रचणाऱ्या रोबोच्या डोक्यावर एक चेंडू ठेवला होता. तो पडला की झाला बाद. म्हणजे डोक्यावर ओझं, समोरून मारा आणि हातात एकावर एक नीट रचायचं काम. नोकरदार वाचकांना जास्त सांगायला नको.

शिवाय रोबोला रडीचा डाव खेळता येत नाही. ‘मला लागलाच नाही’ हे छातीठोकपणे सांगण्यासाठी जी प्रगत बुद्धी लागते, ती अजून त्याच्यात आलेली नाही. ती उणीव संघातली पोरं पंचांपाशी जाऊन भरून काढतात.

हान्स मोराव्हेक नावाच्या रोबोशास्त्रज्ञाने १९८८ सालच्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं होतं: मोठ्या माणसांच्या बुद्धीच्या परीक्षा यंत्राला सोप्या जातात, पण वर्षभराच्या बाळाचं बघणं आणि हलणं त्याला येता येत नाही. पुढे १९९७ साली संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं, तेव्हाही पटावरच्या सोंगट्या संगणकाच्या वतीने हलवायला समोर एक माणूस बसवावा लागला होता. जगज्जेत्याला हरवणाऱ्या यंत्राला प्यादं उचलायला गडी लागतो! ही गोष्ट मी कॉमर्स शाखेचा असल्यामुळे मला फार सुखावते.

माझा भाचा अशाच एका संघात होता. त्या काळात तो घरी जेवायला आणि आंघोळीला येई, त्यातली आंघोळ ऐच्छिक होती. एकदा माझ्या आईने त्याला विचारलं, “सहा महिने राबताय रे, पण ते तुमचं यंत्र भाकरी थापेल का?” तो ताटावरून न उठता म्हणाला, “आजी, भाकरी फार पुढची गोष्ट. अजून आम्हाला लगोरी जमत नाही.” आजी त्यावर खूश झाली. आपल्या हातात लगोरीच्या पुढची विद्या आहे हे तिला इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

पुण्यातल्या संघांचा भूगोल ठरलेला. सर्किटाचे भाग हवेत तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, जुनी मोटार आणि बेअरिंगं हवीत तर जुना बाजार, ॲल्युमिनियम कापून, भोकं पाडून हवं तर भोसरी. मुंबईकरांची सगळी कामं लॅमिंग्टन रोडवर होतात असं ते सांगतात. मुंबईकर असं काहीही सांगतात. या फेऱ्यांमध्ये पोरांचं जे शिक्षण होतं ते कॉलेजच्या वर्गात होणं शक्य नाही. ‘उद्या देतो’ म्हणणाऱ्या लेथवाल्याचा उद्या नक्की कधी उजाडतो, हे समीकरण कुठल्या पुस्तकात सापडणार?

लहानपणीच्या मेकॅनोने आपली एक गोड फसवणूक केलेली असते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्न्बीने १९०१ साली त्या खेळण्याचं पेटंट घेतलं, तेव्हा पट्ट्यांवर अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोकं ठेवली. त्यामुळे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जोडा, भोकावर भोक येणारच. आता गल्लोगल्ली निघालेल्या रोबोटिक्सच्या क्लासांतल्या किटांचंही तेच. पुस्तिकेतलं चित्र बघत गेलं की शेवटी गाडी होतेच आणि काळ्या रेघेवरून चालतेच. मुलाला वाटतं आपण इंजिनिअर झालो, बापाला वाटतं फी वसूल झाली. या किटांना माझी हरकत नाही, मात्र क्लासवाल्यांनी त्यांतून दोन स्क्रू मुद्दाम काढून ठेवावेत असं माझं मत आहे. भोसरीहून आलेलं भोक दोन मिलिमीटर बाजूला असतं, तेव्हा खरी शाळा सुरू होते.

आणि मग ते वाक्य येतं. रोबोकॉनच्या कुठल्याही संघाच्या तंबूत कान द्या, हे वाक्य ऐकू येईलच: “काल चालत होता.” कोणी खोटं बोलत नसतं; काल तो खरंच चालत होता. काल बॅटरी अर्धी उतरलेली होती, आज पूर्ण चार्ज आहे, म्हणून रोबो तेवढ्याच सेकंदांत वीतभर पुढे जाऊन कठड्यावर आदळतो. कालची जमीन प्रयोगशाळेतली होती, आजची रंगवलेली आहे, म्हणून चाक घसरतं. सगळ्यात मोठा घात प्रकाशाचा. रेघ ओळखणारे सेन्सर कॉलेजच्या मिणमिणत्या ट्यूबलाइटखाली शहाण्यासारखे वागतात आणि मैदानात गेल्यावर टीव्हीच्या दिव्यांनी आंधळे होतात. स्पर्धा टीव्हीवाल्यांचीच असल्यामुळे दिवे बंद करा असं कोणाला सांगताही येत नाही. कधी कधी सगळं ठीक असतं आणि चहाच्या दोन कपांच्या किमतीतला लिमिट स्विच, म्हणजे ‘भिंत आली, आता थांब’ एवढंच सांगणारं बटण, ऐन वेळी मौन पाळतो. लाखभर रुपयांचा गोविंदा मग थांबत नाही.

सामना तीन मिनिटांचा. रोबो अडकला तर ‘रिट्राय’ मागता येतो. उचलून पुन्हा ठरलेल्या जागी ठेवायचा आणि पुन्हा सोडायचा. घड्याळ तेवढं थांबत नाही. प्रेक्षकांत बसलेल्या आईवडिलांची त्या तीन मिनिटांतली अवस्था मी जवळून पाहिली आहे. अप्रेझलच्या दिवशीही न हलणारी माणसं, एका ॲल्युमिनियमच्या सांगाड्याने झोक्याला हात लावावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली असतात. स्वतःच्या पोराला झोका द्यायला त्यांना कधी इतका वेळ मिळाला होता का, हा प्रश्न मी तिथे कोणाला विचारला नाही. मला घरी यायला त्यांचीच गाडी होती.

तर विनंती एवढीच. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री ड्रिलचा आवाज आला, कोपऱ्यात चारपाच पोरं उकिडवी बसून ‘काल चालत होता’ म्हणताना दिसली, तर लगेच सेक्रेटरीकडे जाऊ नका. त्यांना एक एक्स्टेन्शन बोर्ड द्या, जमलं तर पोहे पाठवा. लेखी तक्रार स्पर्धा संपल्यावर करा. तोवर स्पर्धेची तारीख नियमपुस्तिकेत बघून ठेवा.