फरक कळला?

मास्तरांच्या घरचा चहा फुकट नसतो. कप हातात पडतो न पडतो तोच ते खुर्ची कॉम्प्युटरकडे वळवतात, चष्मा कपाळावर सारतात आणि म्हणतात, "नुसतं ऐका." आठ मात्रांचा एक तुकडा वाजतो. मास्तर माऊसने काहीतरी टिचकतात. तोच तुकडा पुन्हा वाजतो. "फरक कळला?"

जामखेडात आमच्या आळीत या प्रश्नाला उत्तर ठरलेलं आहे: "कळला की!" नाही म्हणणाऱ्याला तुकडा परत ऐकावा लागतो. पण हो म्हणणाऱ्याला "काय कळला?" असं विचारलं जातं, हे नवख्याला माहीत नसतं. दूधवाला त्यात एकदा सापडला. "दुसऱ्या टायमाला जरा सरळ आलं," असं काहीतरी बोलून गेला. तेव्हापासून मास्तर त्याला कानाचा माणूस समजतात आणि त्याच्या दुधातल्या पाण्याबद्दल घरात कुणाला अक्षर काढू देत नाहीत. काकू तेवढ्या स्पष्ट: "मला भाजी करपल्यावर फरक कळतो."

मास्तर शाळेतून संगीतशिक्षक म्हणून निवृत्त झाले. त्याआधी ऐन उमेदीत ते इथल्याच एका कलाकेंद्रात लावणीला पेटीची साथ करत. नोकरीत असताना हे सांगायची सोय नव्हती. आता दुसऱ्या कपाला आपणहून सांगतात. पुण्याच्या भाच्याने दिवाळीत त्यांना म्युझस्कोअर हे स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घालून दिलं, फुकट मिळतं म्हणून. वाळवी लागण्याआधी मामांच्या वह्या त्यात उतरवून व्हाव्यात, एवढाच त्याचा हेतू. वह्या अजून ट्रंकेतच आहेत. कारण हे यंत्र लिहिलेलं वाजवूनही दाखवतं असा मास्तरांना शोध लागला.

"सूर बरोबर, ताल बरोबर. पण वाजवतंय हजेरी घेतल्यासारखं!"

यात यंत्राचा दोष नाही. भातखंड्यांच्या स्वरलिपीत समेला फुली आणि खालीला शून्य असतं. कुठला सूर दाबायचा आणि कुठला अलगद सोडायचा, ते गुरूसमोर बसून उचलायचं. यंत्र समोर बसत नाही, त्याला सगळं लिहून द्यावं लागतं. भाच्याने घातलेल्या जुन्या आवृत्तीत प्रत्येक आघाताला १२७ पर्यंतचा आकडा आहे: हळू म्हणजे ४९, मध्यम जोरात ८०, जोरात ९६. शिवाय एखाद्याच सुराला उठाव द्यायचा, तर डोक्यावर अ‍ॅक्सेंटची खूण. मास्तरांच्या घरी तिला 'चोच' म्हणतात.

पहिल्या आठवड्यात मास्तरांनी सरसकट सगळ्या सुरांना चोची लावल्या आणि सगळं पुन्हा एकसारखंच, फक्त मोठ्याने वाजायला लागलं. मग एकेक चोच काढणं सुरू झालं. बाकीचे खाली बसले तरच एक उठून दिसतो, हे ते आता शिकवणीच्या पोरांना ठासून सांगतात. सांगताना स्वतःच्या वाक्यातल्या प्रत्येक शब्दाला चोच लावतात.

खरी खुन्नस मात्र वेगळीच. १९९१ साली असल्या यंत्रांसाठी जनरल मिडी नावाची १२८ आवाजांची यादी ठरली. तिच्यात सतार आहे, शहनाई आहे, हेलिकॉप्टर आहे, बंदुकीचा बारसुद्धा आहे. पेटी नाही. ढोलकी नाही. "आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढलं, एकाहत्तरला परत घेतलं. यांनी आत घेतलीच नाही!" असं म्हणून मास्तर रीड ऑर्गनवर काम भागवतात.

त्यावरही भागलं नाही. लांब षड्ज हळूहळू फुलवायचा होता, पण फुगवट्याची खूण काढूनही तो सपाटच राहिला. आघाताचा आकडा सूर लागतानाच ठरतो. पुढे त्याच सुराला वाढवायचं, तर निराळी व्यवस्था लागते. मास्तरांनी भाच्याला फोन लावला. "अरे, पेटीची पट्टी कितीही आपटली तरी आवाज वाढत नाही, तो वाढतो भात्याने. याचा भाता कुठाय?" भाचा म्हणाला, "मामा, सेटिंगमध्ये आहे." तो सापडला त्या संध्याकाळी मास्तर बनियनवरच आळीत आले आणि त्यांनी लोकांना आत बोलावलं. षड्ज वाजायला लागला की त्यांचा डावा हात स्क्रीनच्या मागे हवेत पुढेमागे व्हायचा. अजूनही होतो. काकू तिथला धूळफडका काढत नाहीत, हाताला पुसायचं काम आपोआप मिळेल म्हणून.

३१ मेला अहिल्यादेवींच्या जयंतीसाठी चौंडीला जाणाऱ्या मंडळाच्या पोरांसाठी मास्तरांनी एक चाल बांधली आणि चोचीसकट तिच्या प्रिंट काढून वाटल्या. पोरांनी निघाल्यापासून पोहोचेपर्यंत एकाच जोरात वाजवली. हलगीवाल्याने तर कागद घडी करून हलगीखाली दाबला होता. त्यानेच एका ठिकाणी, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं, अशी थाप मारली की मास्तर चालता चालता थबकले. पोराला विचारलं तर म्हणाला, "चुकली का सर?"

रात्री मास्तरांनी फाइल उघडून नेमक्या त्या मात्रेवर चोच लावली आणि आकडा घातला ११०. साडेअकराला भाच्याचा फोन वाजला.

"झोपला नाहीस ना? १०८ करू का रे?"