साडेआठची घंटा

ज्या माथेरानात मोटारींस मज्जाव आहे आणि १९०७ साली सुरू झालेली चिमुकली आगगाडी घाटातल्या प्रत्येक वळणाशी तडजोड करीत वर चढते, तेथील एका ‘सहकुटुंब’ हॉटेलात रात्रीच्या भोजनाची घंटा साडेआठाच्या आत न वाजविण्याचा शिरस्ता असल्यामुळे, दिवसभर तांबड्या मातीत माखलेल्या आमच्या चार वर्षांच्या चिरंजीवांस सातालाच वाटीभर वरणभात मिळावा, ही माझी दरखास्त व्यवस्थापकांनी सस्मित नामंजूर केली. घंटा झाली, वाढपी आला, तेव्हा चिरंजीव चमचा मुठीत धरून टेबलावरच निद्राधीन झाले होते. (त्यांच्या भोजनाचा आकार, अर्थात, बिलात वसूल.) रात्री दोन वाजता ते जागे झाले आणि ‘वरणभात’ या एकाच शब्दाचा त्यांनी असा घोष मांडला, की शेजारच्या खोलीतील नवविवाहित दांपत्यासही माझ्या दरखास्तीचा संपूर्ण तपशील अवगत झाला.